कारिवणा

ओलसर सावलीत जमिनीलगत पसरणारी, बारमाही हिरवी देशी वनस्पती. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कूळ कोथिंबीर-गाजराचे. संस्कृतात मंडूकपर्णी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला हायड्रोकॉटाइल वंशात घातले होते. बेळगावकडच्या मराठी घरांत ती ब्राह्मी, शेजारच्या कन्नड घरात ओंदेलग, तर खानापूर ओलांडून गोव्याकडे गेले की एकपानी. ओंदेलग आणि एकपानी या दोन्ही नावांत एका देठावरचे एकच पान आहे. ब्राह्मी म्हटल्यावर मात्र घोळ होतो, कारण बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी (बाकोपा) ही वेगळीच वनस्पती आहे.

कारिवण्याचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेने दातेरी. देठ पानाच्या खाचेत जोडलेला असतो. देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा असेल तर ते रोप कारिवण्याचे नव्हे. नर्सरीत एवढे पाहून घ्यावे. फुले गुलाबीसर आणि इतकी बारीक की पाने बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत.

आंबा-फणसाखाली हिरवळ लावून ती पिवळी पडताना बघत बसण्यापेक्षा परड्यात कारिवणा लावणे शहाणपणाचे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात तो ओढ्याकाठी आपसूक उगवतो आणि तण म्हणून उपटलाही जातो. जूनच्या पावसाने माती भिजली की मुळे फुटलेले धुमारे, थोडे शेणखत मिसळून, वीतभर अंतराने लावावेत. प्रत्येक पेर जमिनीला टेकले की मूळ धरते. विहिरीच्या कट्ट्यावर चढलेला धुमारा दगडाच्या फटीतही रुजतो. अवघड काम सुरुवातीच्या खुरपणीचे: हरळी आत शिरली की दोघांची मुळे एकमेकांत गुंततात आणि मग हरळी काढताना कारिवणाही हातात येतो. जाळी दाटल्यावर फारसे तण उरत नाही. सावलीत देठ लांब आणि पाने मोठी होतात, उन्हात पाने लहान राहतात. रोजची पायवाट असेल तिथे लावू नये.

अथणीसारख्या कोरड्या भागात उन्हाळाभर पाणी घालावे लागते. माती सुकली की हिरवेपणा जातो. पावसाळ्यात गोगलगायी पाने कुरतडतात, त्या संध्याकाळी हाताने वेचलेल्या बऱ्या.

कोवळ्या पानांची ओले खोबरे, हिरवी मिरची घालून चटणी करतात. चव किंचित कडसर. न्हाणीच्या पाण्यावर कारिवणा सर्वांत जोमाने माजतो, पण साबणाच्या आणि गटाराच्या पाण्यावरची पाने चटणीला घेऊ नयेत. खाण्यासाठी वेगळा वाफा ठेवावा.