हेर वेगळा, फितूर वेगळा

बीबीसीची १९७९ सालची सात भागांची हेरमालिका 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' असो, की कनाल प्लसची फ्रेंच 'ल ब्युरो दे लेजांद' (२०१५ ते २०२०), दोन भाग बघून लोक म्हणतात, फारच संथ आहे बुवा, नुसते बोलत बसतात. दोष वेगाचा नाही. बघणाऱ्याने भलत्याच माणसाला हेर धरलेलं असतं, त्यामुळे टांगती तलवार कुणाच्या डोक्यावर आहे हेच त्याला दिसत नाही.

मराठीत हा घोळ जरा जास्तच. 'गुप्तहेर' हा एकच शब्द आपण नवऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या खासगी डिटेक्टिव्हला लावतो, रॉच्या अधिकाऱ्याला लावतो आणि लष्करी तळाचे नकाशे विकताना सापडलेल्या कारकुनालाही लावतो. त्यात 'एजंट'ची भर. अमेरिकेच्या एफबीआय या तपासखात्यात 'स्पेशल एजंट' हा पगारी माणूस असतो, सीआयए या हेरखात्यात मात्र एजंट म्हणजे नोकरीतला माणूस नव्हेच. आपल्या एलआयसीवरून हे चटकन कळतं. विकास अधिकारी महामंडळाच्या पगारावर, आणि त्याचं काम एजंट जमवणं, त्यांना सांभाळणं. हेरखात्यातही अधिकारी एजंट जमवतो. वर्तमानपत्रं त्या एजंटाला 'हस्तक' म्हणतात. मला आपला जुना शब्द जास्त नेमका वाटतो: फितूर.

अधिकारी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खोटं नाव, वकिलातीत एखादा दुय्यम हुद्दा, महिनाअखेरीस पगार. त्याच्यावर शाई खर्च करत नाही. सांकेतिक नावं, भिंतीवरच्या खडूच्या खुणा, पाळत चुकवणं, हे थोड्याफार फरकाने दोघांनाही करावं लागतं. तो फरक महत्त्वाचा नाही.

महत्त्वाचा फरक एकच: अधिकारी स्वतःच्या देशाची नोकरी करतो, फितूर स्वतःचा देश विकतो. म्हणून पकडले गेल्यावर दोघांचं नशीब सारखं नसतं. अदोल्फ तोल्काचेव्ह हा मॉस्कोतला रडार अभियंता, सीआयएचा फितूर. त्याची पद्धत अशी की जेवणाच्या सुट्टीत गुप्त कागद घरी न्यायचे, खुर्चीच्या पाठीला कॅमेरा घट्ट बसवायचा, एकेक पान टिपायचं आणि कागद परत नेऊन ठेवायचे. मग कार्यालयात नियम आला, की कागद काढताना ओळखपत्र जमा करायचं. ओळखपत्राशिवाय फाटकाबाहेर पडता येईना! एवढ्याशा नियमाने सगळी साखळी अडली, आणि सीआयएला नकली ओळखपत्र बनवायला बसावं लागलं. जून १९८५मध्ये त्याला भेटायला निघालेला अमेरिकी अधिकारी सोव्हिएत हेरखात्याच्या, म्हणजे केजीबीच्या हाती लागला. अधिकाऱ्याला देशाबाहेर घालवलं. तोल्काचेव्ह आधीच पकडला गेला होता, १९८६मध्ये त्याला मृत्युदंड झाला. भेट एकच ठरलेली, पण एकाच्या हाती विमानाचं तिकीट आणि दुसऱ्याच्या वाट्याला मरण.

हे डोक्यात ठेवून मालिका बघा. अधिकारी काही मिनिटांच्या भेटीसाठी तासन्‌तास बस बदलतो, पायी फिरतो, ते त्याच्या स्वतःच्या जिवासाठी नसतं. पाळत मागे आली तर ती फितुराच्या दारात जाऊन पोचेल, म्हणून. शंका आली तर भेट रद्द, आणि फितूर बाकावर थंडीत वाट बघत बसलेला. नाट्य तिथे आहे.

म्हणूनच रात्री भिंत चढून तिजोरी फोडणारा अधिकारी पडद्यावर दिसला की मी मालिका बंद करतो. ज्याच्या खिशात आधीपासून किल्ली आहे असा माणूस शोधणं, हा तर सगळा धंदा. पैशाची अडचण, विचारांची चीड, कुणाचा धाक, की बढती हुकल्याचा राग, यांतलं काय आहे ते महिनोन्‌महिने चाचपायचं आणि मग विचारायचं. लग्नाच्या मागणीसारखंच, होकाराचा अंदाज आल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं.

'द अमेरिकन्स' या मालिकेत (२०१३ ते २०१८) याची सर्वांत क्रूर तऱ्हा दिसते. मालिकेचा निर्माता स्वतः पूर्वी सीआयएत होता. फिलिप आणि एलिझाबेथ वॉशिंग्टनच्या उपनगरात संसार थाटून राहतात, तरी ते केजीबीचे अधिकारीच. खोटं आयुष्य जगल्याने कुणी फितूर होत नाही. फितूर आहे एफबीआयमधली सेक्रेटरी मार्था, आणि तिला ते ठाऊकही नाही. आपला प्रियकर क्लार्क (म्हणजे वेषांतर केलेला फिलिप) अमेरिकी सरकारच्याच अंतर्गत चौकशीवर आहे, या समजुतीने ती साहेबांच्या खोलीत मायक्रोफोन ठेवून येते. तिच्या प्रसंगांत फारशी आरडाओरड नाही, आणि मालिकेतल्या मारामाऱ्यांपेक्षा तेच जास्त अंगावर येतात.

दोन्ही भूमिका एकाच माणसात आल्या की गंमत वाढते. 'टिंकर टेलर'चा शोधच मुळी अशा अधिकाऱ्याचा आहे, जो इंग्लंडचा पगार घेतो आणि मॉस्कोचा फितूर आहे. 'ल ब्युरो' मात्र हा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर घडवते. (पहिला सीझन बघायचा असेल तर इथेच थांबा.) फ्रेंच हेरखात्याचा अधिकारी मालोत्रू दमास्कसमध्ये सहा वर्षं पॉल लफेव्र या नावाने राहून पॅरिसला परततो. नियमाप्रमाणे ते नाव मिटायला हवं. पण दमास्कसमधली त्याची प्रेयसी नादिया पॅरिसला येते आणि तो पुन्हा पॉल होऊन तिला भेटतो. पुढे तिला कैदेतून सोडवण्यासाठी तो सीआयएकडे जातो, आणि इतकी वर्षं इतरांना जिथे बसवलं त्या खुर्चीत स्वतः जाऊन बसतो.