एव्हरेस्टच्या पहिल्या चित्रफितींमागे

बर्फाच्या उतारावरून मुंगीसारखे सरकणारे काळे ठिपके आणि शिखरावरून वाऱ्याने उडणारा हिमाचा पदर: १९२०च्या दशकातील एव्हरेस्टची ही मूक दृश्ये बहुतांशी जॉन नोएल या एकाच माणसाने टिपलेली आहेत. १९२२च्या ब्रिटिश मोहिमेत त्याने चित्रित केलेली फीत तळावरच, तंबूत धुतली. पाणी गोठणारे, हवेत धूळ, आणि ओली फीत सुकवायला याकच्या शेणाची धग. कोरड्या थंडीत फीत भरभर फिरली तर घर्षणाने ठिणग्या पडून चित्रावर रेघा उमटत, ही आणखी एक धास्ती.

१९२४च्या मोहिमेसाठी नोएलने चित्रीकरणाचे हक्क ८,००० पौंडांना घेतले. आज ‘शुद्ध माहितीपट’ म्हणून आपण जे पाहतो, त्याची सुरुवात अशी व्यवहारातून झाली होती. या वेळी फिती हरकाऱ्यांकरवी दार्जिलिंगच्या प्रयोगशाळेत धाडल्या जात. ८ जूनला मोहिमेतले गिर्यारोहक मॅलरी आणि अर्विन शिखराकडे निघाले, तेव्हा टेलिफोटो भिंग तिकडे रोखलेले होते. पण ढगांनी माथा झाकला आणि सगळ्यांना हवे असलेले ते दृश्य मिळालेच नाही. मिळाले ते निराळेच. दोघे परतले नाहीत, आणि शोधानंतर नॉर्थ कोल या शिखराच्या उत्तरेकडील खिंडीच्या बर्फावर सहा पांघरुणे क्रुसाच्या आकारात अंथरलेली होती. माग लागला नाही, आशा सोडली, असा तो ठरलेला इशारा होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रपट लंडनमध्ये दाखवताना नोएलने तिबेटी भिक्षूंनाच रंगमंचावर आणून नृत्य करवले. हा प्रकार आणि तिबेटी लोकांचे काही उपहासात्मक वाटणारे चित्रण ल्हासातील तिबेटी सरकारला खटकले. इतर कारणांचीही त्यात भर पडली आणि १९३३पर्यंत ब्रिटिश मोहिमांना तिबेटमार्गे वाट मिळाली नाही. मूक चित्रपटातील मजकुराच्या पाट्यांचा सूर आजही खटकतो, हे कबूल करायला हवे.

२०१३मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने मूळच्या रंगछटांसह हा चित्रपट पुन्हा सिद्ध केला. माझ्या मते त्यातला मोलाचा भाग शिखराचा नसून वाटेवरचा आहे: तिबेटमधल्या फारी गावाच्या गल्ल्या, माणसांचे चेहरे आणि एव्हरेस्टच्या पायथ्याजवळचा रोंगबुकचा मठ, जो पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झाला आणि १९८०च्या दशकात पुन्हा उभारला जाऊ लागला.