चिंच-मीठ आणि अँटिओकचं नाणं

तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, तर जुनी नाणीही तशीच घासा, असा सल्ला हल्ली व्हिडिओंमधून सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. चिंचेने शेकडो वर्षांचा थर जातो हे नुकसान आहेच, पण खरा घात करतं ते मीठ.

माझ्याकडे अँटिओकचं (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या) ब्रॉंझचं (मुख्यतः तांब्याच्या मिश्रधातूचं) एक नाणं आहे. सम्राट ट्राजनच्या काळातलं, म्हणजे इ.स. 98 ते 117 मधलं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसरीकडे पानांच्या माळेत ‘एस सी’ ही लॅटिन अक्षरं. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडची शेकडो शहरं बाजारातली अशी चिल्लर स्वतःच पाडत. त्यांवर आपापले देव, आपापली देवळं. या प्रांतिक नाण्यांचा नाद लागतो तो त्यामुळेच.

गेल्या पावसाळ्यात त्या नाण्यावर फिकट हिरवे ठिपके उठले. जुन्या ब्रॉंझवरचा मॅलाकाइटचा (तांब्याच्या एका खनिजाचा) हिरवा थर टणक असतो, तो नाण्याला राखतो. हे ठिपके मात्र टोकरताच भुकटी होऊन गळाले. याला ‘ब्रॉंझ रोग’ म्हणतात. यात जंतू नाहीत, निव्वळ रसायनशास्त्र आहे.

नाणं जमिनीत गंजताना तांब्याचे धन आयन तयार होतात आणि मातीतल्या क्षारांमधले ऋण क्लोराइड आयन त्यांच्याकडे ओढले जातात. गंजाच्या थराखाली, धातूला लागूनच, क्युप्रस क्लोराइड साठतं. उकरून काढल्यावर दमट हवा लागली की त्याचे चार रेणू, पाण्याचे चार आणि ऑक्सिजनचा एक, यांतून तांब्याच्या बेसिक क्लोराइडचे दोन रेणू (हीच ती भुकटी) आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू बनतात. बिनकल्हईच्या पितळीत ताक कळकतं, कारण त्यातलं आम्ल तांब्याला खातं. इथेही हे आम्ल ऑक्सिजनच्या मदतीने तांब्याचे दोन अणू खातं आणि पुन्हा क्युप्रस क्लोराइडचे दोन रेणू बनवतं. चक्र पुन्हा सुरू!

‘हे चक्र कधीच थांबत नाही’ असं सांगितलं जातं, पण हिशेब मांडून पाहा. चाराचे दोन झाले, दोनाचा एक होईल. प्रत्येक फेरीत निम्मं क्लोराइड भुकटीत अडकतं. भूमितीय श्रेढीच ही, तिची बेरीज मर्यादित असते. मग नाणं का ढासळतं? कारण तांब्याच्या तेवढ्याच अणूंना भुकटीत धातूतल्यापेक्षा सुमारे चौपट जागा लागते. थर फुगतो, तडकतो आणि आतला पुढचा साठा हवेला उघडा पडतो. मीठ म्हणजेही क्लोराइडच, ते चोळणारा माणूस या साठ्यात बाहेरून भर घालतो.

जाता जाता: तांब्याच्या जुन्या नाण्याकडे तांदूळ ओढले जातात, म्हणून ते कोट्यवधींचं, असं सांगत ‘राइस पुलर’च्या नावाखाली लोकांना लुबाडलं जातं. तांबं चुंबकासारखं वागत नाही, आणि चुंबकालाही तांदूळ चिकटत नाहीत.

मी ठिपके भिंगाखाली टोकरून काढले, नाणं ऊर्ध्वपातित पाण्यात काही आठवडे ठेवलं, पाणी वरचेवर बदललं आणि मग पूर्ण वाळवलं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 42 टक्क्यांच्या खाली असली की ही अभिक्रिया जवळजवळ थांबते. मुंबईच्या पावसाळ्यात ते उघड्यावर अशक्य, म्हणून आता ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आहे. जेलचे मणी रंग बदलू लागले की मी ते तापवून वाळवतो आणि नाणं भिंगाखाली धरतो.