टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत

सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा तोच फोटो. ग्लासात बुडवलेला टीडीएस मीटर, आकडा ६२, खाली ‘पाणी एकदम शुद्ध!!’ नाही हो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ६२ म्हणजे ते क्षार कमी, बास.

टीडीएसवर फार बोलत नाही, ते आता सगळ्यांना पाठ आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत छान, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं.

घोळ होतो तो पुढे. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. ग्लासात दोन चमचे साखर ढवळा, आकडा जेमतेम हलेल. मग ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, त्याला कुठून दिसणार? कबुतरांनी घाण केलेल्या पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी धरलं तरी आकडा देखणाच येईल. उलट बोअरचं ९०० टीडीएसचं पाणी मचूळ लागतं, भांड्यांवर पांढरे डाग पाडतं, पण त्यात जंतू नसूही शकतात. जंतूंचा निकषच वेगळा: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. त्यासाठी प्रयोगशाळा गाठा. किंवा खेड्यापाड्यात जंतू तपासायला वापरतात ती एच-टू-एसची बाटली पाण्याने भरून ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर मैला मिसळल्याचा दाट संशय. नळाला क्लोरीन येतोय का, हे पाण्यात टाकलेले ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब सांगतात. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

आमच्याकडे आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार पडद्याने गाळणारं यंत्र, विकायला आलेल्या विक्रेत्याने तर वीज सोडलेल्या सळयांचं यंत्र बुडवून नळाचं पाणी तपकिरी करून दाखवलं. आईला म्हणे, “बघा काकू, काय पिताय!” अरे, तो गंज तुझ्याच लोखंडी सळईचा! आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. मी त्यात चिमूटभर मीठ टाकलं. तेही तपकिरी. काकूंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मुंबईसारखं धरणाचं, कमी क्षारांचं पाणी असेल तर माझ्या मते आरओ घेऊच नये. पालिकेने घातलेला क्लोरीन आरओमधला कार्बनचा फिल्टर काढून टाकतो आणि साठवणीच्या टाकीत जंतूंना रान मोकळं. तिथे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र, पुरे. फक्त पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की गाळाआड जंतू लपतात, किरण पोचत नाहीत. ते दिवस पाणी गाळून, खळखळून उकळायचं.