क्रँकशाफ्ट सेन्सर : जुन्या मोटारीतील बिघाड आणि बदल

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. तो कोणत्या स्थितीत आहे आणि किती वेगाने फिरतो आहे, हे इंजिनाच्या संगणकाला म्हणजे ईसीएमला कळवणारा अंगठ्याएवढा भाग म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सर. गॅरेजात त्याला नुसते ‘क्रँक सेन्सर’ म्हणतात. पेट्रोल केव्हा फवारायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे ईसीएम याच खबरीवरून ठरवतो. खबर थांबली की बहुतेक गाड्यांत दोन्ही थांबतात आणि चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ठिणगीचे काम डिस्ट्रिब्युटर पाही. भारतात २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे ईसीएमच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या सर्रास झाल्या. त्या काळच्या ज्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांपैकी अनेकांत मूळचाच सेन्सर असतो आणि तो आता वीसहून अधिक वर्षांचा झालेला असतो.

क्रँकच्या पुलीमागे किंवा फ्लायव्हीलजवळ एक दातेरी चकती फिरते. नेहमीच्या एका रचनेत तिच्यावर ६० दात्यांची जागा असते, पण २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. दर दाता ६ अंशांचा. गाळलेली जागा समोरून गेली की ईसीएमला फेऱ्याची खूण सापडते. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) सेकंदाला ५० फेरे होतात, म्हणजे सेन्सरसमोरून सेकंदाला २,९०० दाते जातात. टोक आणि दाता यांत फट असते जेमतेम १ मिलिमीटरची. दोन तारांच्या जुन्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि तो स्वतःच वीज निर्माण करतो. वेग कमी तर वीजही कमी, म्हणून मलूल बॅटरीवर सेल्फ मारला तर चांगल्या सेन्सरचाही आवाज ईसीएमपर्यंत पोचत नाही. तीन तारांचा असतो तो बहुधा हॉल प्रकार, म्हणजे चुंबकक्षेत्रातला बदल इलेक्ट्रॉनिक चिपने टिपणारा. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते.

वेटोळ्याची तार केसासारखी बारीक असते. इंजिनाच्या धगीने ती वर्षानुवर्षे फुगते-आकसते आणि कुठेतरी तडकते. तापली की तडा उघडतो, निवली की टोके पुन्हा टेकतात. या बिघाडाची सारी फसवणूक इथे आहे.

इंदूरच्या मराठी घरांतून धुळे, नाशिक, पुण्याकडे गाडीने जाणे-येणे चालूच असते. मे महिन्यात परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोद, गुजरी मागे पडले की मानपूरकडे माळव्याच्या पठारावर चढणारा घाट लागतो. चढ संपल्यावर चहासाठी गाडी थांबवली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर इंजिन गरगरते पण धरत नाही. बंद इंजिनाला वारा नसतो, पाणीही फिरत नसते, त्यामुळे थांबल्यावर सेन्सर अधिकच तापतो. अर्ध्या तासाने तीच गाडी एका किल्लीत सुरू होते. मग दोष जातो निमाडात, म्हणजे घाटाखालच्या नर्मदेकाठच्या मुलखात, भरलेल्या पेट्रोलला. फिल्टर बदलतो, पुढच्या खेपेला पंप बदलतो, आणि गाडी गॅरेजात नेली की गार असल्यामुळे ठणठणीत चालते. मिस्त्रीला ‘पेट्रोल येत नाही’ असे निदान सांगण्यापेक्षा ‘गरम में बंद, ठंडे में चालू’ एवढेच सांगितले, तर तो निम्मी वाट चाललेला असतो.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहावा. तो जरासुद्धा हलत नसेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. गरम बंद पडलेल्या गाडीत हात पोचत असेल तर सेन्सरवर ओले फडके दोन-चार मिनिटे धरावे. इंजिन लगेच सुरू झाले तर चोर सापडला. मल्टिमीटरवर दोन तारांचा सेन्सर साधारण ५०० ते १,५०० ओहम दाखवतो. मोजणी मात्र गरम असतानाच घ्यावी, गार सेन्सर बिनचूक आकडा दाखवून फसवतो. हॉल सेन्सरवर ओहमची मोजणी करू नये. स्कॅनरवर, म्हणजे ईसीएमने नोंदवलेले बिघाड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०३३५ हा कोड आला तरी तो संपूर्ण सर्किटबद्दल असतो, एकट्या सेन्सरबद्दल नव्हे. कपलरमधला (वायरच्या जोडातला) गंज, सैल अर्थिंग, उंदरांनी कुरतडलेली वायर यांनीही तोच कोड येतो. वायर न तपासता सेन्सर बदलणे हा या कामातला सर्वांत महाग आळस आहे.

बदलण्याचे काम छोटे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, गाडीखाली जायचे असेल तर जॅकवर न विसंबता घोड्या (गाडी टेकवायचे पक्के स्टँड) लावाव्यात. कपलरचा खटका जुन्या प्लॅस्टिकमुळे ठिसूळ झालेला असतो, तो नखाने उचलावा. बोल्ट बहुधा एकच, दहाच्या पान्याचा. अडते ते पुढे. भोकात चिकटलेला सेन्सर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे आणि मग डावी-उजवीकडे हलकेच फिरवत बाहेर घ्यावा. अंग तुटून टोक आत राहिले, तर काही गाड्यांत गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते. बाहेर आलेल्या सेन्सरच्या टोकावर पुष्कळदा लोखंडी चुऱ्याची बारीक मिशी उभी असते. चुंबकाने ओढलेला हा चुरा संकेत मंदावतो. तो पुसून तोच सेन्सर बसवल्यावर गाडी सुधारल्याचीही उदाहरणे आहेत.

नवा बसवताना भोक पुसून घ्यावे, ओ-रिंगला तेलाचे बोट लावावे आणि सेन्सर हातानेच तळापर्यंत जाऊ द्यावा. बोल्टने ओढून बसवला तर अंग तडकते. बोल्टला मनगटाचा जोर पुरतो. वायर सायलेन्सरच्या नळीपासून दूर, मूळच्या क्लिपांतूनच न्यावी. या भागात स्वस्त डुप्लिकेट घेऊ नये, कारण वेटोळे आणि चुंबक कमी प्रतीचे असले की तीच तक्रार पुढच्या उन्हाळ्यात परत येते.

कोड पुसल्यावर गाडी लगेच सुरू होते, पण ती गार असते. चाचणी गरम इंजिनावर घ्यावी. मानपूरचा घाट उतरून पुन्हा चढावा, वर गाडी बंद करून वीस मिनिटे बॉनेट न उघडता तशीच ठेवावी आणि मग सेल्फ मारावा.