भुलेतल्या रुग्णाची बाहुली

पोटावर चीर दिली तरी भुलेतला रुग्ण हलत नाही, कण्हत नाही. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असते. पण इजेचे संदेश मेंदूकडे जातच असतात, आणि भूलतज्ज्ञ नाडी व रक्तदाबावरून त्यांचा अंदाज घेतात. रुग्ण बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारे औषध) घेत असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल, तर हा अंदाज चुकू शकतो. बुबुळातले स्नायू वेगळ्या जातीचे. स्नायू शिथिल करणारे औषध त्यांना शिथिल करत नाही, म्हणून डोळ्याची बाहुली इजेला प्रतिसाद देत राहते.

जागेपणी दुखले की बाहुली मोठी होते ती सिंपथेटिक (शरीराला सावध करणाऱ्या) मज्जासंस्थेमुळे. भुलेत कारण निराळे असते: बाहुली आकसून ठेवणारे मध्यमेंदूतले केंद्र इजेच्या संदेशाने क्षणभर दबते. फेंटॅनिलसारखे वेदनाशामक पुरेसे असेल तर हे केंद्र दबत नाही.

मोजताना पापणी उघडून बाहुली मोजणाऱ्या उपकरणाचा रबरी कप डोळ्याच्या खोबणीवर घट्ट टेकवतात. आत अंधार हवा, कारण उजेडाने बाहुली आकसते; कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहतो, त्याला अंधाराची अडचण नसते. दुसरा डोळाही मिटलेलाच हवा, त्यावर दिव्याचा झोत पडला तर ही बाहुलीसुद्धा आकसते. घाईत नेमके हेच विसरले जाते. मग हाताच्या त्वचेवरच्या इलेक्ट्रोडमधून 10 मिलिअँपिअरपासून 60 पर्यंत, 10-10 ने वाढवत विजेचे झटके देतात. बाहुली 13 टक्क्यांहून जास्त रुंदावली की उपकरण थांबते. 2 मिलिमीटरच्या बाहुलीत हा फरक जेमतेम पाव मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो दिसणारही नाही. 10 वरच थांबले, तर चीर देण्याआधी वेदनाशामक वाढवावे. 60 पर्यंत बाहुली जवळपास स्थिर राहिली, तर बहुधा गरजेपेक्षा जास्त दिले गेले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर श्वास मंदावण्याची काळजी आधीच घ्यायला हवी. मोजून झाले की पापणी लगेच मिटावी, नाहीतर पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) कोरडे पडते.

आकडा वाचण्याआधी औषधांची यादी बघितलीच पाहिजे. अ‍ॅट्रोपिनने बाहुली आधीच मोठी होते. उलटीवर दिलेले मेटोक्लोप्रमाइड किंवा ड्रोपेरिडॉल हा प्रतिसाद दडपते, आणि दुखणे आटोक्यात असल्याचा खोटा दिलासा मिळतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत नस बधिर केली असेल, तर त्या बाजूची बाहुली बऱ्याचदा लहान होते. मोजणी दुसऱ्या डोळ्यावर करावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला डोळाही टाळलेला बरा.

रुग्ण शुद्धीवर आला की बाहुलीचा नुसता व्यास फारसा कामाचा राहत नाही. भीतीनेही ती मोठी होते, उजेडाने लहान. तेव्हा "किती दुखतंय?" हे त्यालाच विचारावे.