पोराची इच्छाशक्ती आणि मोबाईलची जागा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दहावीचं पोर असलेल्या कुठल्याही घरात रात्री कान द्या. "ठेव की आता तो मोबाईल!" "थांब की गं आई, दोनच मिनिटं." दोन मिनिटांचा पाऊण तास होतो आणि मग पोराच्या इच्छाशक्तीचा उद्धार होतो.

आता या इच्छाशक्तीचं बघा. मोह आवरण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. मजेला भुलणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोर धरते. त्यात सोबत्यांची भर. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एरवीपेक्षा बरेच जास्त धोके पत्करत होती. मोठ्या माणसांना तेवढा फरक पडत नव्हता. फोनमध्ये तर अख्खी गल्ली बसलेली असते!

शिवाय शाहू स्टेडियमवरची मॅच शिट्टी वाजली की संपते, रील्स संपत नाहीत. पुढची भारी निघेल की भिकार, हे कळत नाही, म्हणूनच बोट सरकत राहतं. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर कधीच दाखवून दिलंय.

२०१९ मध्ये ४१ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत साधारण २३ टक्के मुला-तरुणांचा फोनवापर त्रासदायक आढळला: फोन नसला की तगमग, इतर कामांकडे दुर्लक्ष. अशा मुलांमध्ये चिंता, नैराश्य, अपुरी झोपही जास्त दिसली. पण फोनमुळे चिंता की चिंतेमुळे फोन, हे अशा पाहणीतून ठरत नाही. सरसकट 'व्यसन' म्हणणं मला तरी घाईचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा नाही.

खरी गंमत पुढे आहे. जर्मनीत २०१२ च्या एका अभ्यासात प्रौढांना दिवसभर अधूनमधून विचारलं, आत्ता कसला मोह होतोय? संयमी माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असं वाटेल. उलट त्यांना झुंजावंच कमी लागत होतं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरच्या प्रयोगातही आठवडाभर 'मन घट्ट करा' सांगितलेल्यांपेक्षा 'मोहाची वस्तू आधीच दूर ठेवा' सांगितलेल्यांचा अभ्यास ठरवल्याप्रमाणे जास्त झाला.

तेव्हा फोन रात्री स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, आई-बाबांच्याही फोनशेजारी. "मग गजर कुठं लावू?" हा प्रश्न हमखास येणार. महाद्वार रोडला गजराचं घड्याळ मिळतंय की अजून.